पुरा एक सेकंद

आधी नियम ऐका. सॉफ्टबॉलमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणारीने, प्लेटवर पाय ठेवायचे, चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरायचा आणि थांबायचं. कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त दहा. मगच हात फिरवून कमरेखालून टाकायचा. थांबली नाही तर फेक अवैध, आणि बेसवरच्या प्रत्येक पोरीला पुढचा बेस फुकट; तिसऱ्यावरच्या पोरीला तर थेट धाव. नियम मला पाठ आहे हो! पंच म्हणून मुलुंड-घाटकोपरची मैदानं मी वर्षानुवर्षं तुडवली आहेत.

त्र्याऐंशीच्या फायनलला शेवटच्या डावात बरोबरी होती आणि समोरच्या संघाची पोरगी तिसऱ्या बेसवर. पिचर होती भटवाडीची प्रेमा. संपात बापाचं गिरणीतलं काम सुटलेलं. हा सामना जिंकला तर राज्याच्या संघात जागा, आणि त्या जोरावर नोकरी. तिने चेंडू टाकला तोच समोरचा कोच बोंबलला, "थांबली नाही! थांबली नाही!" मी हात वर केला. धाव गेली, सामना गेला. प्रेमा परत आलेला चेंडू पोटाशी धरून माझ्याकडे बघत राहिली.

खरं सांगू? मी बघतच नव्हतो. बुटाची नाडी सुटली होती, नजर तिथे होती. तो ओरडला म्हणून मी हात वर केला, गाढवासारखा. आणि नंतर कबूल करायची लाज वाटली.

पुढच्या वर्षी प्रेमा काविळीने गेली. तेव्हापासून पिचर कुठलीही असो, तिच्या मागे प्रेमा उभी असते. चेंडू पोटाशी धरून. टाकत नाही.

शहाऐंशीत मुलुंडला पुन्हा तीच गत. बरोबरी, तिसऱ्या बेसवर पोरगी, आणि पिचर नीला, प्रेमाची धाकटी बहीण. तिने चेंडू धरला आणि थांबली. मी मोजायला लागलो. पाच. सात. अगं, टाक ना! नऊ. माझ्यावरची नजर हलेना. दहा म्हणता म्हणता तिने हात फिरवला. तिसरा स्ट्राइक, बॅटवाली बाद. पुढच्या डावात नीलाचा संघ जिंकला.

सामना संपल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.

"सर, ताई तापात दोन्ही हात पोटाशी धरून मोजायची. दहापर्यंत. मग आईला विचारायची, आता झाला ना गं एक सेकंद? तुम्हीच सांगा, त्या दिवशी ती किती थांबली होती?"

"मला माहीत नाही, पोरी. मी बघत नव्हतो."

तिच्या हातातली बॅग खाली पडली.

"मरेपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होती ती, सर."

एवढंच बोलली आणि बॅग उचलून गेली.

वाटलं, खरं बोललो, आता सुटलो. कसला सुटतोय! दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कुणी नव्हतं, तरी प्रेमा प्लेटवर होती. मी मोठ्याने मोजलं. दहापर्यंत, मग शंभरपर्यंत.

"झालं गं बाई," मी ओरडलो, "थांबलीस तू, पुरेपूर थांबलीस! आता टाक!"

तिचे हात पोटाशीच राहिले. ती अजून थांबलेलीच आहे.