तार चालते की नाही

आता आईला काय सांगू, या विचारात मी सिनेगॉगच्या नोटीसबोर्डासमोर उभी होते आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती. बोर्डावर आमच्या बघूरावाच्या सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती: या शब्बाथला तार ग्राह्य धरू नये.

बघूराव म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून काहीही विचारा, "बघू" म्हणायचा. जेवतोस का? बघू. म्हणून घरात हे नाव पडलं. हाच आता आमच्या ज्यू वस्तीचा रब्बी, म्हणजे धर्मगुरू झाला होता, आणि उद्या सकाळी त्याचं पहिलं प्रवचन होतं. आई किती महिने त्या सकाळची वाट बघत होती. तिचे पाय गेलेत, चाकाच्या खुर्चीत असते. बाबा लवकर गेले. हा शिकावा म्हणून तिने लोकांचे पडदे शिवून पाठ मोडून घेतली. उद्या तिला बायकांच्या बाजूला बसून त्याला बोलताना ऐकायचं होतं, बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

तारेचं आधी सांगते, नाहीतर कळायचं नाही. शब्बाथ म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो, शनिवारी अंधार पडला की सुटतो. तेवढ्या वेळात घराबाहेर काही वाहून न्यायचं नाही. किल्ली नाही, रुमाल नाही, मग खुर्ची ढकलणं तर लांबच राहिलं. घरात मात्र चालतं. तेव्हा जुन्या लोकांनी डोकं लढवलं. एका भिंतीच्या आतलं सगळं एकच घर धरू या, म्हणाले. मग कुणी म्हणालं, भिंतीत दार असतंच की, मग दारंच जास्त असली तर काय बिघडलं? आणि दार म्हणजे तरी काय, दोन खांब आणि वर काहीतरी आडवं. असा वाद घालत, एकमेकांचे केस उपटत, त्यांनी भिंतीची तार करून टाकली. आमच्याकडे ती विजेच्या खांबांवरून वस्तीभोवती फिरते आणि तिच्या आतली अख्खी वस्ती एक घर होते. ऐकणारे हसतात. मला हसू येत नाही. तान्हं पोर घेऊन घरात कोंडलेली बाई कुणाला तरी दिसली असणार, आणि त्याने "हे चालेल" म्हणायची छाती केली असणार.

मी तडक तारवाल्याला गाठलं. दर आठवड्याला तार फिरून तपासायचं त्याचं काम. तो कोपऱ्यावरच्या खांबाशी शिडी आवरत होता.

"कुठे तुटली?"

"तुटली कुठली, ताई. विजेवाल्यांनी खांब बदलला, त्यात खालची पट्टी सरकली. तीच दाराचा खांब धरतात, म्हणून ती तारेच्या बरोब्बर खाली लागते. आत्ताच ठोकली, बघा."

पट्टी तारेखाली सरळ उभी होती. "मग बोर्डावर ते काय लिहिलंय?"

तो खिळे डब्यात टाकत राहिला. "रब्बींना मंगळवारीच दिसलं होतं म्हणे. मला आज सांगितलं. आता म्हणतात, ज्यांच्याकडे शिकले त्या गुरुजींना विचारलंय, त्यांचं उत्तर येईपर्यंत काही सांगता येत नाही."

बघूराव खोलीत प्रवचनाचे कागद लावत बसला होता.

"पट्टी बसली," मी म्हटलं. "तार चालते की नाही?"

"ताई, बस ना जरा."

"बसायला आले नाही मी."

"नव्या खांबाचं डोकं गोल आहे गं. तार पट्टीच्या बरोब्बर वरून जाते की बाजूने, यावर दोन मतं होऊ शकतात."

"तुझं मत काय?"

"मला वाटतं, वरूनच जाते."

"मग चालते म्हण आणि मोकळा हो."

"पहिल्याच आठवड्यात? लोक म्हणतील, आईसाठी कायदा वाकवला."

"तू रब्बी आहेस की पोस्टमन? इकडचं तिकडे पोचवायला ठेवलंय का तुला? माझ्या चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर भिंगं बदलून विचारते, हे बरं दिसतं की ते. शेंबडं पोरसुद्धा सांगतं. आणि तू एवढी पुस्तकं कोळून प्यालास ती कशाला?"

"बघतो," तो म्हणाला.

त्या शब्दासाठी मी त्याच्या थोबाडीत दिली असती. ऊन कलायला लागलं होतं, म्हणून नुसतं दार आपटून निघाले.

आईने निळा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. मला खरं सांगवेना. "तार तुटली," म्हटलं.

"तुटली तर तुटली," आई म्हणाली. "तो बिचारा काय करणार? तू जा आणि नीट ऐकून ये." कोट तिने परत कपाटात ठेवायला सांगितला नाही.

सकाळी किल्ली पट्ट्याच्या बकलात अडकवून निघाले, कपड्याचाच भाग झाली की तेवढी चालते. घराघरांच्या दारात बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या होत्या, उंबऱ्याच्या आत. सिनेगॉगमध्ये आमच्या बाजूला मी आणि धडधाकट अशा दोनचार म्हाताऱ्या. बघूराव आमच्याकडे बघायचं टाळत होता.

बाबा एक जुनी रीत सांगायचे. ज्याच्यावर अन्याय झालाय आणि ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याने तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायच्या आधी उठावं आणि वाचन अडवावं. त्याचं ऐकल्याशिवाय ग्रंथ उघडायचा नाही. मी हे कधी होताना पाहिलं नव्हतं. तोराची गुंडाळी मेजावर ठेवली गेली तशी मी उठले आणि बाकावर हात आपटला.

"वाचन थांबवा. माझी तक्रार आहे."

"बाई, खाली बसा," सिनेगॉगचे अध्यक्ष म्हणाले. "हे काय चालवलंय?"

"अडवता येतं," म्हातारा घड्याळजी पुढच्या रांगेतून म्हणाला. "माझे आजोबा सांगायचे."

"ते कधीच बंद पडलं."

"कुणी बंद केलं? मला नाही कुणी सांगितलं."

बघूराव पांढराफटक पडला होता. "तक्रार कोणाविरुद्ध?" त्याने विचारलं.

"तुझ्याविरुद्ध. तार चालत नाही म्हणाला असतास तर मी मुकाट बसले असते, तो तुझा हक्क आहे. पण तू धड काही म्हणालाच नाहीस आणि अर्धी वस्ती घरात कोंडलीस. कायदा कडक आहे म्हणून नव्हे, तू भित्रा आहेस म्हणून. नाहीच म्हणायचं तर जा आणि आईच्या तोंडावर म्हण. तोवर ग्रंथ उघडायचा नाही."

बघूराव खाली उतरला. दारापर्यंत गेल्यावर त्याला हातातले प्रवचनाचे कागद दिसले. ते बाहेर नेता येत नव्हते. त्याने ते दारातल्या बाकावर ठेवले आणि रिकाम्या हाताने निघाला. मी त्याच्या मागे.

आई कोट घालून खिडकीशी बसली होती.

"एवढ्यात संपलं? असा का दिसतोस? तार तुटली, त्याला तू काय करणार, बाळा."

हूं म्हणाला असता तरी निभावलं असतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"तुटली नव्हती, आई," तो म्हणाला, आणि मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं.

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आता काय म्हणतोस?"

"बघ..." अर्धा शब्द निघालाच, उरलेला त्याने गिळला. "चालते. पट्टी काल सूर्य मावळायच्या आत बसली होती. तार चालते."

"आणि तुझे गुरुजी नाही म्हणाले तर?"

"तर मी चुकलो, असं चारचौघांत सांगेन."

"हे मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस?"

"नाही. कालही हेच वाटत होतं."

"मग आज सकाळी मी घरात का बसले?"

आईने कोटाची वरची गुंडी लावली. "ढकल," म्हणाली.

त्याने ढकलली. रब्बी स्वतः खुर्ची ढकलतोय म्हटल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायका पोरांच्या ढकलगाड्या घेऊन उंबरे ओलांडून आल्या, आणि सिनेगॉगच्या दारात ही गर्दी झाली. कागद तिथेच बाकावर होते. त्याने ते उचलले नाहीत. वाचन झाल्यावर तो अडखळत, घाम पुसत बोलला. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि परत येताना त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही.

घरात शिरल्यावर त्यानेच विचारलं, "कसं झालं गं, आई?"

"बघू," आई म्हणाली. "विचारून सांगते."