लाल धाग्याचा नमुना

मित्रांनो, वयाने मी बराच जुना आहे, पितळेच्या नळीचा आहे, आणि कोणी विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. मी एक सूक्ष्मदर्शक आहे. तुम्ही मला मायक्रोस्कोप म्हणत असाल, तर तसंच म्हणा. शाळा संपल्यावर कोणत्या कॉलेजात जावं याविषयी तुमच्याशी बोलावं, असं फार दिवस मनात होतं. पण ते मी बोलावं का, याची खात्री होत नव्हती. मला जवळचं आणि बारीक तेवढंच दिसतं. ज्या इमारतीत मी राहतो ती मी अख्खी कधी पाहिलेली नाही. तेव्हा माझं ऐका, पण माझ्यावरही थोडा संशय ठेवा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथला कारागीर भिंग घासायचा, उजेडाकडे धरायचा, नकारार्थी मान हलवायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. स्वतःच्या कामावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मला खोक्यात भरून झाल्यावरही त्याने खोकं उघडून एकदा माझ्या नळीतून पाहिलं. माझा संशयी स्वभाव बहुधा त्याच्याकडूनच आला असावा.

तिथून मी या कॉलेजात आलो. तेव्हाची इमारत बसकी होती आणि खिडक्या मोठ्या होत्या. माझ्यासारखे दुसरे मोजके भाऊबंद होते आणि आम्हाला सांभाळणारे एक सर होते. सरांची एक रीत होती. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाच्या यंत्राखाली एक कोरी काचपट्टी ठेवायचे आणि म्हणायचे, "दिसेल ते काढा." मुलं डोळा लावायची आणि भराभर पेशी काढायची, पेशीच्या मध्ये टिपका काढायची, बाजूला नावंसुद्धा लिहायची. पुस्तकात असते तशीच आकृती. एका वर्षी एका मुलीने मात्र नुसतं वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं, "काही दिसत नाही." मग भीतीने कागद पालथा घातला. सरांनी तो उलटून पाहिला आणि तिला म्हणाले, "तू बस. तुझं आणि माझं जमेल."

त्या मुलीने मला खूप कामाला लावलं. तास संपला तरी ती उठायची नाही. सर जेवायला निघाले की दारात आडवी यायची, "सर, एवढं एकच." सर म्हणायचे, "तुझं एकच कधी एक असतं का?" आणि डबा बाजूला ठेवायचे. नळी वर-खाली करायच्या माझ्या चकतीवरचं पितळ एका बाजूने झिजलेलं आहे, ते तिच्यासारख्यांच्या अंगठ्यांनी. कोणी मला विचारलं की तुझा सन्मान कधी झाला, तर मी ती झीज दाखवीन.

पुढे सर निवृत्त झाले. नवी इमारत उठली आणि आम्ही काचेच्या कपाटात गेलो. कपाटाला कुलूप लागलं. आता प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि मुलं मागच्या बाकावरून पडद्याचे फोटो काढतात. त्यातही शिकता येत असेल. मी जुन्या वळणाचा आहे, माझा मत्सरही असेल. पण प्रवेशाचे दिवस आले की आमचं कुलूप निघतं, आम्हाला पुसून टेबलांवर मांडतात, आणि तिथेच माझा संशय जागा होतो.

कारण काय ते सांगतो. खालच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आहे आणि वरच्या मजल्यावर प्राणिशास्त्राची. दारांवर पाट्या वेगवेगळ्या आहेत, टेबलं वेगवेगळी आहेत. यंत्रं मात्र आम्हीच. पालक आणि मुलं खालची खोली पाहून दिवाणखान्यात चहाला बसली, की प्रयोगशाळेतले मामा आम्हाला गाडीवर चढवतात आणि सामानाच्या लिफ्टने वर नेऊन मांडतात. जाताना हळूच म्हणतात, "चला मंडळी, बदली आली." चहा संपवून पाहुणे वर येतात, तेव्हा आम्ही नव्या खोलीत, नव्या विभागाचे होऊन उभे असतो.

पाहुण्यांना हिंडवण्याचं काम एका गृहस्थांकडे आहे. मामा त्यांना पाठीमागे 'हसरे साहेब' म्हणतात. मी त्यांच्याकडे पुष्कळदा निरखून पाहिलं आहे. हसू ओठांवर असतं, डोळे मात्र घड्याळाकडे असतात.

अशाच एका सकाळी एक मुलगी आली. सोबत तिची मावशी होती. मावशी औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. मुलीचे आईवडील लांबच्या गावी, त्यामुळे कॉलेज पसंत करायचं काम त्यांनी मावशीवर सोपवलेलं. मावशीने एकदा मान डोलावली की मुलीची पुढची सगळी वर्षं इथे जाणार, हे त्या दोघींच्या बोलण्यावरून माझ्या लक्षात आलं. हसरे साहेबांनी आल्याआल्याच बजावलं होतं, "मॅडम, सही आजच करा. उद्या ही जागा राहील असं मी सांगू शकत नाही."

मुलीच्या गळ्यात लाल स्कार्फ होता आणि त्याच्या कडेचे सुटे धागे धरून ती सारखी गाठी मारत होती. खरं सांगतो, मला तिचाही संशय आला. यंत्राजवळ उभं राहून फोटो काढणाऱ्या मुली मी बऱ्याच पाहिल्या होत्या.

हसरे साहेबांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. मावशी लगेच म्हणाली, "बघ, नाहीतर ते कालचं कॉलेज. भिंतींचे पोपडे, बाकांवर डाग. आणि कोणी 'या, बसा' तरी म्हणालं का? त्या बाई काय म्हणाल्या, जरा बाजूला उभ्या राहा, उजेड अडतोय."

"त्यांचा प्रयोग चालू होता, मावशी."

"असू दे. माणुसकी म्हणून काही असतं की नाही? इथे बघ, फरशीत तोंड दिसतंय."

"मला फरशीत तोंड नाही बघायचं गं."

"हो का? मग कशात बघायचंय?"

"यात," म्हणत ती माझ्याकडे वळली.

दारातून मामा म्हणाले, "हात लावू नका हं, पोरी. साहेब ओरडतात."

"नुसतं बघते, मामा."

मामांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. तिने माझा आरसा खिडकीकडे वळवला. कितीतरी वर्षांनी माझ्या नळीत उजेड शिरला. बघायला खाली काहीच नव्हतं, आणि काचपट्टी मागायची तिला भीड वाटली असावी. म्हणून तिने स्कार्फचा एक सुटा धागा तोडला आणि माझ्या क्लिपांखाली सरकवला. त्या धाग्याला दोन गाठी होत्या, एकीला चिकटून दुसरी. तिने चकती फिरवली. अंगठा बरोबर त्या झिजेवर पडला. मला वाटलं, जमेल, हिचं आणि माझं जमेल.

तेवढ्यात हसरे साहेब परतले. "चला, चहा निवतोय." ती दचकून उभी राहिली आणि धागा माझ्यापाशीच राहिला. मामांनी नेहमीप्रमाणे आम्हाला गाडीवर चढवलं. धाग्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

वर आल्यावर हसरे साहेबांनी दार उघडलं. "ही आपली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. प्रत्येक विभाग स्वयंपूर्ण, मॅडम. यंत्रंसुद्धा ज्याची त्याची."

मावशीने पर्समधून पेन काढलं. मुलगी मात्र टेबलांजवळून चालत माझ्यापाशी आली आणि वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग सरळ होऊन तिने स्कार्फची कड पाहिली आणि पुन्हा वाकली.

"मावशी, तू बघ जरा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळेल तुला."

मावशीने आधी चुकीचा डोळा मिटला. मग दुसरा मिटला. "अगं, या तर तुझ्या गाठी."

"काय म्हणालात?" हसरे साहेबांनी विचारलं.

"हा हिच्या स्कार्फचा धागा आहे. खालच्या खोलीत लावला होता तिने. तो वर कसा आला?"

हसरे साहेबांचं हसू जागचं हललं नाही. "तो नमुना आहे, मॅडम. तंतूंचा. मुलांच्या अभ्यासासाठी कायम ठेवलेला असतो."

"प्राण्यांच्या खोलीत?"

"लोकर प्राण्यांचीच असते ना, मॅडम."

"हा सुती आहे. मीच आणलाय." मावशीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दुकानात खोटी चिठ्ठी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे ती असंच पाहत असेल. "साहेब, आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात यंत्रं जिना चढून आली का हो?"

दारात मामांना एकाएकी खोकला आला.

मुलीने खाली बघतच विचारलं, "सर, पहिल्या वर्षाच्या मुलांना हे हातात कधी देतात?"

"वेळापत्रकाप्रमाणे."

"म्हणजे कधी?"

हसरे साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी दाराआडच्या गाडीकडे पाहिलं.

मावशीने पेनाला टोपण लावलं. "चल, चिमणे. कालच्या बाईंचा उजेड अडवायला जाऊ."

त्या गेल्या. ती वाचली म्हणून मला बरं वाटलं, आणि ती गेली म्हणून वाईट वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं. त्या बाईंनी तिला जवळ बसवलं का, हे मला कपाटातून कसं कळणार? कदाचित तिथलाही देखावाच असेल, अशी शंका मला अधूनमधून येते. पण 'उजेड अडतोय' असं कोणी देखाव्यासाठी म्हणत नसावं.

मित्रांनो, तुम्ही कॉलेज बघायला जाल तेव्हा चकचकीत वस्तूंकडे जरा संशयाने बघा. कुठे काय झिजलंय ते शोधा. वाचनालयात गेलात तर पुस्तकांच्या पाठी बघू नका, पानांचे कोपरे बघा. हिंडवणाऱ्या माणसाला थोडं पुढे जाऊ द्या आणि जिन्यात भेटलेल्या एखाद्या मुलाला विचारा, "यंत्र शेवटचं कधी हातात घेतलंस?" त्याला आठवावं लागलं, तर समजा. आणि कॉलेज चांगलं मिळालं तरी निर्धास्त होऊ नका. सरांच्या हाताखालीसुद्धा पुष्कळ मुलं पुस्तकातल्याच पेशी काढून, पास होऊन निघून गेली. दारात आडवं यावं लागतं, 'एवढं एकच' म्हणावं लागतं. आम्हा यंत्रांची काळजी घ्या असं म्हणतात, तेव्हा लोक फडकं घेऊन येतात. फडकं नको. अंगठा हवा.

एक राहिलं. त्या दिवसापासून तो धागा 'नमुना' झाला आहे. साहेबांनीच तसं म्हटल्यामुळे त्याला काढायची कोणाची हिंमत होत नाही. मामा त्याच्या कडेकडेने मला पुसतात. हसरे साहेब आता पालकांना लांबूनच दाखवतात, "हा तंतूंचा नमुना. मुलं यावर अभ्यास करतात." पालक माना डोलावतात आणि पेन काढतात. त्यानंतर या टेबलापाशी बरीच माणसं येऊन गेली, पण वाकलं कोणी नाही.

तुम्ही आलात तर वाका. चकती हळू फिरवा, ती आता थोडी जड झाली आहे. एकीला चिकटून दुसरी अशा दोन लाल गाठी अजून दिसल्या, तर पेन खिशातच राहू द्या.