वरच्या मजल्यावरची शाळा

सुताराच्या कारखान्यावर दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांत बाईंची शाळा भरायची. खाली रंधा जोरात सुरू झाला की वर गणिताचा तास थांबायचा, कारण बाईंचा आवाज त्यात बुडून जायचा. भुशाचा वास पोरांच्या दप्तरांतून घरापर्यंत पोहोचायचा. कुणी मुलगा म्हणून जन्मून मुलीसारखं राहू पाहणारं, कुणी केस बारीक कापून शर्ट-पँटीत आलेली मुलगी, कुणी अजून काहीच न ठरवलेलं. इथे गणवेश नव्हता, मुलांची एक रांग आणि मुलींची दुसरी असा प्रकार नव्हता. दुसऱ्या शाळांनी सळो की पळो करून सोडलेली ही पोरं पहिले काही दिवस बाकावर डोकं ठेवून नुसती झोपायची. बाई झोपू द्यायच्या.

त्याआधी बाई मोठ्या शाळेत होत्या. तिथे अशाच एका पोराला मुलांनी आपल्या स्वच्छतागृहातून हाकललं, मुलींनी आपल्या. ते दिवसभर पाणी न पिता बसायला लागलं, आजारी पडलं आणि त्याची शाळाच सुटली. बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत विषय काढला तेव्हा सगळ्यांनी चहाच्या कपात तोंड खुपसलं. बाई नोकरी सोडून बाहेर पडल्या आणि वर्ष सरायच्या आत या खोल्यांत फळा लागला.

भिंगरी इथली सगळ्यात मोठी. बोलता बोलता टाचेवर गिरकी घ्यायची सवय, म्हणून ते नाव पडलं. तिच्या आधीच्या शाळेत ती चुकून 'आलो'ऐवजी 'आले' म्हणाली की वर्ग खिदळायचा, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं. इथे पहिल्या आठवड्यात ती दारातून म्हणाली, "बाई, मी आले," आणि कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. त्या दिवसापासून तिच्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला तो थांबेना. हे असंच का, ते तसंच का. बाई मूळच्या भाषेच्या शिक्षिका. मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा जातं कुठे, याचं उत्तर त्यांनी दिलं खरं, पण भिंगरीने लगेच पुढचा प्रश्न विचारला आणि बाईंची पंचाईत झाली.

एका दुपारी सगळे गेल्यावर ती मागे रेंगाळली.

"बाई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"आधी सांग, मग ठरवते."

"मला दहावीला मोठ्या शाळेत जायचंय."

बाई पुसून झालेला फळा पुन्हा पुसायला लागल्या. "इथे काय कमी पडलं?"

"काहीच नाही. तिथे प्रयोगशाळा आहे."

"आणि तिथली पोरं कशी आहेत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." भिंगरीने नेहमीची गिरकी घेतली नाही. "पण बाई, इथे मला कुणी हसत नाही, कारण इथे सगळे आपल्यासारखेच. मी कायम एवढ्यांतच राहणार का?"

बाईंना ते फार लागलं. तिच्या वडिलांना भेटावं, बाप नक्की नाही म्हणेल, असा त्यांचा हिशेब होता. वडिलांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. दारं काढलेल्या फ्रिजांच्या मधून वाट काढत बाई आत गेल्या. वडिलांनी स्टूल पुसून दिलं आणि स्वतः एका उलट्या खोक्यावर बसले.

"मला तर धसकाच बसलाय," ते म्हणाले. "आधीच्या शाळेतून ते पोर कसं घरी यायचं ते मी बघितलंय. तुम्ही नसता तर काय झालं असतं, विचारसुद्धा नको वाटतो."

"मग तुम्ही तिला समजवा."

वडील हातातला पाना उगाच फिरवत राहिले. "गेल्या वर्षीच तिला जायचं होतं, बाई. तुमचं मन मोडेल म्हणून ती वर्षभर गप्प बसली. आता मी तिला कोणत्या तोंडाने थांबवू?"

बाई उठल्या. परत येताना आपल्याच शाळेचा जिना त्यांना उंच वाटला. पोरांनी मोकळं बोलावं म्हणून एवढा खटाटोप केला, आणि एक पोर आपलंच मन मोडेल या भीतीने तोंड मिटून बसलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्या भिंगरीच्या प्रवेशाचं बोलायला मोठ्या शाळेत गेल्या. आता तिथे मुख्याध्यापक म्हणून त्यांचेच जुने सहकारी होते, चहाच्या कपात तोंड खुपसणाऱ्यांपैकी एक.

"या ना, बाई. आता शाळा बदललीय," ते म्हणाले. "अशा मुलांसाठी वेगळं स्वच्छतागृहसुद्धा केलंय. कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे."

"म्हणजे तिने रोज चारचौघांत तुमच्या दाराशी येऊन किल्ली मागायची?"

ते गडबडले. "तसा विचार नव्हता केला."

"मग आता करा. मी बसलेय."

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं, बाई."

"तेव्हाचं राहू द्या. कुलूप कधी काढताय तेवढं सांगा."

कुलूप निघालं, आणि ती जागा कुणीही वापरावी असं ठरलं. जूनमध्ये भिंगरी मोठ्या शाळेत गेली. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरच्या दोघांनी तिच्या चालण्याची नक्कल केली. ती संध्याकाळी बाईंकडे येऊन खिडकीत बसून राहिली. 'ये परत' हे शब्द बाईंच्या अगदी ओठावर आले होते, पण त्यांनी विचारलं, "उद्या कुठला तास आहे?"

"रसायनशास्त्र."

"मग लवकर झोप."

असेच काही आठवडे गेले. मग एकदा कुणीतरी तिच्या दप्तरात शाई ओतली. दुसऱ्या दिवशी भिंगरी मोठ्या शाळेऐवजी सुताराचा जिना चढून आली आणि आपल्या जुन्या बाकावर बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. बाईंनी मुख्याध्यापकांना फोन करून चांगलं सुनावलं. भिंगरीला मात्र त्यांनी बाकावर बसू दिलं.

त्याच दुपारी गणवेशातली एक मुलगी धापा टाकत जिना चढून आली. दोन्ही हातांत काचेची बरणी, आत निळंशार पाणी आणि दोऱ्याला लोंबकळणारा मोरचुदाचा खडा.

"भिंगरी इथे असते का?" तिने दारातूनच विचारलं, आणि भिंगरी दिसल्यावर तिचा पाराच चढला. "दोन दिवस कुठे होतीस तू? आपला खडा वाढायचा थांबलाय. सर म्हणतात मी काहीतरी चुकवलं. मी तुझी वाट बघत बसायचं का?"

भिंगरी उठून उभी राहिली. बरणी उजेडात धरून तिने डोळे बारीक केले. "हलवलीस ना?"

"जरा."

"जरा म्हणजे?"

"पडता पडता वाचली."

दोघी एकाच वेळी हसल्या. बाकीची पोरं बरणीभोवती गोळा झाली. मुलीने एकदा सगळ्यांकडे नजर फिरवली, पण तिला पाणी हवं होतं आणि बसायला जागा हवी होती. दोन्ही मिळाल्यावर ती दोरा कसा बांधायचा ते सांगू लागली.

"शाई ओतणाऱ्याला सरांनी बाहेर उभं केलंय," ती मध्येच म्हणाली. "आणि माझ्या शेजारची जागा तुझीच आहे. मी तिथे दप्तर ठेवते, कुणी बसू नये म्हणून."

संध्याकाळी त्या दोघी बरणी सांभाळत खाली उतरल्या. ते बघून शाळेतल्या सर्वांत लहान पोराने बाईंची ओढणी धरली.

"मलापण तिकडे जावं लागणार?"

"तुला जायचंय?"

"नाही."

"मग इथे राहा."

"पण ती बरणी बघायची होती मला."

यावर बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मुख्याध्यापकांना पुन्हा फोन लावला. "तुमची प्रयोगशाळा शनिवारी रिकामी असते ना?" त्यांनी विचारलं. पलीकडून हो म्हणायला थोडा वेळ लागला, पण हो आलं.

शनिवारी बाई आपली सगळी वरात घेऊन मोठ्या शाळेत शिरल्या. भिंगरी आणि ती मुलगी आधीच येऊन टेबलं पुसत होत्या. मैदानावर खेळायला आलेली काही पोरं खिडकीला नाक लावून उभी होती. त्यांतली दोघंतिघं हळूच आत येऊन मागे उभी राहिली. भिंगरीने बर्नर पेटवला. लहानग्यांनी टाळ्या वाजवल्या, तशा बाईही कौतुकाने पुढे सरसावल्या.

"बाई, मागे व्हा," भिंगरी म्हणाली. "आणि आधी ती ओढणी खोचून घ्या."

बाईंनी ओढणी खोचली आणि त्या मुकाट्याने मागच्या पोरांत जाऊन उभ्या राहिल्या.