चुनीलालचं समाधान

दोधूच्या पपईत पाणी शिरलं ते चुनीलालच्या पाइपलाइनचं. तापीवरून निघालेली ती पाइपलाइन दोधूच्या वावराच्या पोटातून पलीकडे चुनीलालच्या केळीला जायची. एकदा तिचा सांधा सुटला आणि सकाळी पाहतात तर पपईच्या पट्ट्याचं तळं झालेलं. पपईला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. बघता बघता झाडांनी माना टाकल्या. दोधूने आरडाओरडा केला नाही. चुनीलालने येऊन दोन शब्द बोलावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती. ते दोन शब्द कोणते, हेही त्याने ठरवून ठेवलं होतं. बोलायचे मात्र चुनीलालने होते.

चुनीलाल आला नाही. बाईमाणसापुढे दोधू आवाज चढवणार नाही, अशा विचाराने त्याने सुनेला पाठवलं. प्रतिभा तेव्हा नुकतीच लग्न होऊन बारडोलीकडून आली होती. सासरीही घरात गुजराती चालायची, त्यामुळे तिचं मराठी टीव्हीवरून उचललेलं, तेवढंच. वाटेत घोकलेलं वाक्य तिने दोधूच्या ओट्याशी उभं राहून एका दमात म्हटलं.

"काका, पप्पांना समाधान पाहिजे. समाधान झाल्याशिवाय ते जेवणार नाहीत."

दोधूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने तिला पुन्हा बोलायला सांगितलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

"मन्ही पपई बुडनी," दोधू म्हणाला, "आन समाधान त्याले पाहिजे?"

त्याची बायको धनुबाई पाहुणीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती दारातूनच तांब्यासकट माघारी गेली. प्रतिभाला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. तिने घरी जाऊन सासऱ्याला सांगितलं, त्यांना समाधान नको आहे.

अशी तीन वर्षं गेली. दोघं एकाच बाजारात माल नेत, एकाच मयतीला जात, आणि विजेच्या खांबाकडे पाहावं तसे एकमेकांकडे पाहत. दोधूने आपल्या वावरातून जाणारं पाणी काही तोडलं नाही. पाणी तोडणं पाप असतं, असं तो चारचौघांत सांगायचा. चुनीलालच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने सांगायचा.

यंदा एका साखरपुड्यासाठी दोधू गुजरातेत निझरला गेला होता. परतीच्या गाडीची वाट पाहत तो रस्त्याकडेच्या हॉटेलात बसला असताना बाहेर एक टेम्पो रिक्षाला घासला. दोन्ही ड्रायव्हर उतरले आणि त्यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. हॉटेलवाला झारा हातात घेऊनच बाहेर आला.

"हवे समाधान करी नाखो," तो गुजरातीत म्हणाला. आता समाधान करून टाका.

दोघांनी कॉलरी सोडल्या आणि आत येऊन एका बाकावर भजी खायला बसले. दोधूने त्यांचे चेहरे निरखून पाहिले. टेम्पोचा दिवा फुटला होता, रिक्षाचा पत्रा वाकला होता, आणि समाधान कुणाच्याही तोंडावर दिसत नव्हतं. शेवटी त्याने हॉटेलवाल्याला विचारलं, यातल्या कोणाचं समाधान झालं?

हॉटेलवाल्याला प्रश्नच कळेना. भांडण मिटलं, एवढंच तो म्हणाला. इकडे त्यालाच समाधान म्हणतात.

गाडी आली आणि गेली. दोधू बसून होता.

घरी आल्यावर त्याने आपल्या सुनेला विचारलं. शीला नंदुरबारच्या एका शाळेत मराठी शिकवायची. तिने सांगितलं, शब्द मुळात संस्कृत. त्याचा अर्थ नीट जुळवून एकत्र ठेवणं. मराठीने मन जागेवर ठेवलं, म्हणून आपलं समाधान म्हणजे तृप्ती. गुजरातीने दोन माणसं एकत्र ठेवली, म्हणून त्यांचं समाधान म्हणजे समेट. यातलं बरोबर कोणतं, असं दोधूने विचारलं. दोन्ही, असं ती म्हणाली. हे उत्तर त्याच्या काहीच उपयोगाचं नव्हतं. मग हे आधी का नाही सांगितलंस, म्हणून तो जरा चिडला. शीला म्हणाली, बाबा, चुनीलालकाकांनी सुनेच्या तोंडून अपमान पाठवला एवढंच तुम्ही घरात सांगितलं होतं. तिचे शब्द कुणाला सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोधू चुनीलालच्या दारात उभा राहिला. चुनीलाल झोपाळ्यावर बसला होता. त्याने पाय टेकवून झोपाळा थांबवला. दोधूने त्याला रामराम केला नाही. सुनेला बोलवा, म्हणाला.

प्रतिभा लेकराला खांद्यावर टाकून बाहेर आली.

"पोरी, तू भांडन मिटाडाले वनी व्हती," दोधू म्हणाला. "माले ते समजनं नही. मी तुले दारवरतीन धाडी दिनं. चूक मन्ही शे."

 प्रतिभाने लेकराची टोपी नीट केली. एव्हाना तिला गावची भाषा चांगली येत होती.

"ह्या घरमा सम्दा म्हनतस, इले एक निरोप बी धड देता येत नही," ती म्हणाली. "तीन वरीस आयकी ऱ्हायनू, काका."

चुनीलालने मान खाली घातली. असं म्हणणाऱ्यांत तोच पहिला होता.

"मीच जावाले पाहिजे व्हतं," तो झोपाळ्याच्या कडीकडे पाहत म्हणाला.

"व्हतं," दोधू म्हणाला.

 मग दोधूने मनात घोळत असलेली गोष्ट विचारली, त्या दिवशी खरंच उपाशी राहिला होतास का? चुनीलालने प्रामाणिकपणे सांगितलं की संध्याकाळपर्यंत राहिलो होतो, पण संध्याकाळी कढी-खिचडी होती. दोधूला ते पटलं.

चुनीलालने सुनेला चहा ठेवायला सांगितलं. प्रतिभा म्हणाली, लेकरू आत्ताच झोपलंय, हलवलं तर उठेल. तुम्हीच दोघं ठेवा. चुनीलाल उठला तशी ती रिकाम्या झोपाळ्यावर बसली. दोघं म्हातारे आत गेले. साखर कुठे असते हे घरच्या मालकालाही माहीत नव्हतं. बराच वेळ डबे उघडल्याचे आवाज आले. मग चहा आला. त्यात आलं जास्त आणि दूध कमी होतं. प्रतिभाने पहिला घोट घेऊन कप खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि सगळा प्यायली.