मी, भरतीवाल्यांचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दांडा आहे. दोन खांबांवर मला आडवं बसवलं आहे. मुलांनी मला धरून लटकावं आणि अंग वर खेचून हनुवटी माझ्यापलीकडे न्यावी, एवढंच माझं काम. एके काळी मी लालभडक होतो. आता तो रंग फक्त दोन टोकांना उरला आहे, मधला सगळा मुलांच्या तळहातांनी नेला. रंगाचं मला काही वाटत नाही. आठवण येते ती त्या तळहातांची. ते एकदा फौजेत गेले की त्यांचं पुढे काय झालं, हे मला येऊन कोणी सांगत नाही.

माझा जन्म ओहायो नदीकाठच्या मिलबेंड गावात, शाळेच्या वर्कशॉपमध्ये झाला. गावातला पोलादाचा कारखाना तेव्हा नुकताच बंद पडला होता. वेल्डिंग शिकवणाऱ्या लुंडी सरांकडे तिथले पाइप नुसते पडून होते. एक दिवस भरतीचा सार्जंट त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला असं काहीतरी करून द्या की पोरं आपल्या पायांनी माझ्याकडे येतील. पत्रकं वाटतो, तर त्यांची विमानं करतात." सरांनी मला जोडलं, घासलं, रंगवलं आणि मजबुती बघायला स्वतः लटकले. मी वाकलो नाही. सरांचा खांदा मात्र आठवडाभर दुखत होता.

मग मी व्हॅनमधून नदीकाठच्या सगळ्या शाळा हिंडलो. मधल्या सुट्टीत मला जेवणाच्या हॉलमध्ये, दुधाच्या फ्रिजशेजारी उभं करत. शेजारच्या टेबलावर टी-शर्ट, पेनं, पाण्याच्या बाटल्या. जो सगळ्यांत जास्त वेळा वर जाईल त्याला शर्ट मिळे. आणि एक रीत अशी होती, जी कोणी कोणाला शिकवली नव्हती. एखादा लटकला की अख्खा हॉल मोजायला लागे. टेबलांवर हात आपटून, तोंडात पिझ्झाचा घास असतानाही, "एक! दोन! तीन!" ज्याला फौजेचं नावही नको तोसुद्धा मोजायचा. समोर कोणी लटकलेलं असताना गप्प बसणं त्या पोरांना जमतच नसे.

येणारे नाना तऱ्हेचे असत. कोणाला कॉलेजची फी भरायची होती. कोणाचे वडील आणि आजोबा गेले होते, म्हणून त्यालाही जायचं होतं. कोणी पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने बघावं म्हणून लटकायचा. एकाने तर साफ सांगून टाकलं, "सार्जंट, मला फक्त शर्ट पाहिजे हं. मी कुठे जाणारबिणार नाही."

सार्जंट म्हणाला, "आधी शर्ट घाल तर खरा. मग बघू."

मिलबेंडच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या ओडेल बाई समोरच खुर्ची टाकून बसत. त्यांच्या पुढ्यात बिस्किटांचा डबा असे. "जायचंय त्याने खुशाल जा," त्या म्हणत, "पण आधी माझ्याजवळ बसून दोन बिस्किटं खा आणि मला कारण सांग." बिस्किटं खायला सार्जंटही जायचा. दोघांचं कधी पटलं नाही आणि कधी भांडणही झालं नाही.

मग लढाई सुरू झाली आणि माझा भाव वधारला. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. माझ्यापुढे रांगा लागत. त्या दिवसांतला एक हात मला फार आवडायचा. क्लिंट हॅगर्टी त्याचं नाव. लांब बोटांचा, उबदार हात. तो मला असा धरायचा, जशी आमची जुनी ओळख असावी. शाळा संपली आणि तो गेला. पुढची कितीतरी वर्षं नवा हात लागला की मी आधी त्याची पकड शोधायचो.

हळूहळू रांगा आटल्या. मुलं मोबाइलमध्ये माना घालून जेवू लागली. कोणी जवळ आलंच, तर माझ्यासमोर फोटो काढून निघून जाई. व्हॅन बदलली, सार्जंट बदलले. शेवटी मला मिलबेंडच्याच शाळेत, व्यायामशाळेमागच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या गाद्यांच्या आड ढकलून दिलं. माझ्यावर गंज चढला. तिथे मी काय करत होतो म्हणाल, तर वाट बघत होतो. कोणाची, ते तुम्हाला कळलंच असेल.

आणि खरंच, एक दिवस त्यानेच मला बाहेर ओढलं. हात लागताच मी ओळखलं. क्लिंट! गेलेल्यांपैकी एक तरी माझ्याकडे परत आला होता. मला झालेला आनंद कसा सांगू? पण त्या उजव्या हाताला आता दोन बोटं कमी होती. त्याने माझ्या जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तू अजून आहेस होय?" इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

क्लिंट आता त्याच शाळेची साफसफाई आणि दुरुस्ती बघत होता. बेसेरा नावाच्या नव्या सार्जंटने माझ्याविषयी ऐकलं होतं आणि मला शोधून द्यायची विनंती केली होती. क्लिंटने माझा गंज घासून काढला, तेल लावलं. तो मला हॉलमध्ये ठेवून आला खरा, पण भरतीच्या टेबलाकडे त्याने मान वळवून पाहिलंही नाही. घरी तो आणि त्याची मुलगी मार्नी, अशी दोघंच होती. मार्नी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. आणि सगळ्यांत आधी मला येऊन लटकली ती तीच.

लटकली, पण वर काही जाता येईना. नुसती लोंबकळत राहिली.

"ए मार्नी," टॅनर नावाचा पोरगा ओरडला, "कपडे वाळत घातलेत का गं?"

"हो, आणि वाळले की घड्या तुलाच घालायच्या आहेत!" तिने लटकल्या लटकल्याच उत्तर दिलं. हॉल खदखदून हसला. तिची पकड मात्र सुटली नाही. लांब बोटं, उबदार हात. मी चरकलो. मला तो हात हवा होता, आणि तो माझ्यापाशी आलेला बघून भीतीही वाटली.

रोज शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे यायची. बाप फरशी पुसत असायचा. एक दिवस त्याने विचारलं, "कशासाठी चाललंय हे सगळं?"

"इथून बाहेर पडायला."

"मीही त्याचसाठी गेलो होतो."

"मग?"

"मग काय? आलो ना परत. इथेच." तो बादलीत फडकं पिळत म्हणाला. "भरतीच्या कागदावर मी बाप म्हणून सही देणार नाही, मार्नी. अठरा पूर्ण झाले की तुझी तू मोकळी."

ती खाली उतरली. "पुढच्या महिन्यात होतीलच की. सही नकोय मला, बाबा. तू हो म्हण. तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही, आणि आयुष्यभर तुझ्यावर रुसून राहीन."

बाप हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. फरशी मात्र त्या दिवशी त्याने दोनदा पुसली.

मग तो बुधवार आला. बेसेराने स्पर्धा ठेवली होती. मार्नी लटकली आणि वर गेली. हॉल मोजू लागला. टॅनरचा आवाज सगळ्यांत मोठा होता. भिंतीशी क्लिंट फरशी पुसायचं फडकं धरून उभा होता. नऊ झाले आणि मार्नी अर्ध्यात अडकली. तिचे हात थरथरत होते, मला ते अंगभर जाणवत होतं. आता ही सुटणार, असं सगळ्यांना वाटलं आणि हॉल चिडीचूप झाला.

"दहा!" भिंतीकडून आवाज आला. "दहा! वर! वर चल, पोरी!"

क्लिंट ओरडत होता. मानेच्या शिरा ताणून, सगळं भान विसरून. मार्नी वर गेली. हनुवटी माझ्यापलीकडे पोचली आणि हॉल दणाणला. खाली उतरून ती शर्ट घ्यायलाही थांबली नाही, थेट बापाकडे गेली.

"बाबा, तू मोजलंस."

"सगळेच मोजत होते."

"सगळे थांबले होते. तू मोजलंस."

आपण काय केलं ते क्लिंटला तेव्हा कळलं. मित्रांनो, त्याने घात केला नव्हता की मन बदललं नव्हतं. लेक धडपडताना दिसली आणि जुनी सवय तोंडातून निघून गेली, इतकंच. पण हे सगळं त्या फुललेल्या चेहऱ्याला सांगायचं कसं? तो म्हणाला, "बरं."

जूनमध्ये ती गेली. त्यानंतर क्लिंट रोज काम आटोपलं की माझ्याजवळ यायचा. लटकायचा नाही. उरलेल्या बोटांनी मला नुसता धरून उभा राहायचा. त्याला जिची आठवण यायची, तिचीच मलाही यायची. घरी जाताना तो दिवा बंद करी आणि मला वाटे, थांब ना थोडा.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात मार्नी आली. प्रशिक्षण संपलेल्यांना थोडे दिवस आपल्याच गावच्या शाळेत भरतीच्या टेबलावर उभं करतात, तशी. अंगावर गणवेश, केस घट्ट बांधलेले. बेसेराच्या शेजारी उभी राहून ती मुलांना बाटल्या वाटत होती. नववीतली एक बारकी मुलगी घुटमळत होती, तिला म्हणाली, "ये गं, लटकून तर बघ. काही होत नाही." मुलगी लटकली. हॉल मोजू लागला. भिंतीशी उभ्या क्लिंटने तोंड उघडलं नाही.

मधल्या सुट्टीभर मार्नीने मला हात लावला नाही. मी नुसता आसुसलो होतो.

शाळा सुटली, हॉल रिकामा झाला. क्लिंट खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता. तेव्हा ती आली, टोपी काढली आणि उडी मारून मला धरलं. तळहात कडक झाला होता, घट्टे पडले होते. पकड तीच होती.

"बाबा, मोज ना."

क्लिंटने हातातली खुर्ची खाली ठेवली. "नाही."

"रागावलायस?"

"छे गं. मोजायला तिकडे पुष्कळ आहेत. तू कर खुशाल. तू उतरेपर्यंत मी इथे उभा आहे."

ती वर गेलीच नाही. नुसती लटकून राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "परवा ऑर्डर आली, बाबा. लांब जायचंय. मला भीती वाटते."

क्लिंट पुढे झाला आणि त्याने तिचे गुडघे कवेत घेतले, लहान मुलीला उचलून धरावं तसे. तिने मला सोडलं नव्हतं, पण तिचा सगळा भार माझ्यावरून उतरला. माझ्या उभ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

मित्रांनो, मला तेल लावा किंवा लावू नका, मी टिकेन. पण कोणी लटकलेलं दिसलं तर लगेच मोजायला लागू नका. आधी जवळ जाऊन उभे राहा. तो उतरेपर्यंत हलू नका.

मार्नी गेली आहे. क्लिंट आता मला सामानाच्या खोलीत ठेवत नाही, हॉलच्या दाराशीच ठेवतो. ती आली की तिला मला शोधत बसायला नको.