मी फक्त नाव विचारतो

मित्रांनो, मी एका जुन्या लॅपटॉपमधला छोटासा प्रोग्राम आहे. नोएडातल्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, सूर्यकांतकाकांनी मला लिहिलं. माझं वय काही महिन्यांचं, पण माझं काम तुमच्या आईबाबांइतकं जुनं आहे.

पूर्वी ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर खातं असलेली माणसं स्वतःविषयी चार ओळी लिहून ठेवत. दुसरीकडून कोणी त्यांचं नाव विचारलं, की त्या ओळी त्याला दिसत. या रीतीला फिंगर म्हणत. आता ती कोणी वापरत नाही. मी त्यातला विचारणारा आहे. मला नाव द्यायचं. मी ते पोचवतो आणि आलेलं उत्तर पडद्यावर मांडतो.

काकांच्या पत्नी सुनेत्राकाकू डिसेंबरात गेल्या. शेवटचे दोन महिने घशाच्या आजाराने त्यांना बोलता येत नव्हतं. त्या गेल्यावर भेटायला आलेले त्यांच्या ऑफिसातले श्यामकांत सहज बोलून गेले, की वहिनी तिथल्या जुन्या मशीनवर रोज एक ओळ लिहायच्या, रजेवर गेल्या त्या दिवशीसुद्धा. ते मशीन एकतीस मार्चला बंद होणार होतं. काकांना बाहेरून विचारण्याची परवानगी श्यामकांतांनीच काढून दिली.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. प्रोग्राम लिहिणं त्यांना येत नव्हतं. ते वही घेऊन शिकले. सुरुवातीला मी नाव पाठवायचो आणि तिकडून काहीच यायचं नाही. ओळ संपल्याच्या दोन खुणा पाठवायच्या असतात, काकांनी एकच घातली होती. समोरचं मशीन पुढचं ऐकायला थांबून राहायचं. त्यात आठ दिवस गेले. दुसरी खूण घातली आणि मला आयुष्यातलं पहिलं उत्तर मिळालं. या नावाचं कोणी नाही.

काकांनी सुनेत्रा हे नाव लहान अक्षरांत दिलं, मोठ्या अक्षरांत दिलं, आडनावासकट दिलं. उत्तर तेच. काकांना वाटलं मीच चुकतोय. त्यांनी मला तीनदा पुसून पुन्हा लिहिलं. मित्रांनो, मी चुकत नव्हतो, पण मला ते सांगता येत नव्हतं.

त्यांची मुलगी अपूर्वा डबा घेऊन यायची. एकदा ती म्हणाली, "बाबा, आई होती तेव्हा इतकं काही विचारलं नाहीत तिला. आता बस करा ना, यार." काका हसले आणि पुन्हा तेच नाव टाइप केलं.

एकतीस तारखेला संध्याकाळी श्यामकांतांचा फोन आला. मशीन बंद झालं, डिस्कही नियमाप्रमाणे पुसली. मग त्यांनी विचारलं, "वाचलंत ना सगळं?"

"सुनेत्रा नावाचं कोणी नाहीच म्हणतं ते."

श्यामकांत म्हणाले, "अहो, खातं लग्नाआधीचं. उत्तरा नावाने होतं. पगाराच्या कागदांवर नाव बदललं, मशीनवर कोण बदलणार?"

लग्नात काकांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेत्रा लिहिलं होतं. नाव त्यांनीच निवडलं होतं. त्यानंतर तेहतीस वर्षं त्या घरात उत्तरा ही हाक कोणी मारली नाही.

काकांनी फोन ठेवला. हळूहळू, एकेक अक्षर शोधत, त्यांनी मला ते नाव दिलं. मी निघालो. तिकडे कोणी नव्हतं. कोणी नाही असं सांगणारंसुद्धा कोणी नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात आई, आजी किंवा काकू दुसरं नाव घेऊन आली असेल. तिचं पहिलं नाव आजच विचारून घ्या, आणि कधीतरी त्या नावाने तिला हाक मारा. मला दिलेलंच नाव विचारता येतं, दुसरं सुचत नाही.

काका अजून रोज सकाळी मला उघडतात आणि उत्तरा असं टाइप करतात. ओळ संपल्याच्या दोन्ही खुणा आता मी बरोबर पाठवतो.