बाहेरची कडी

शुक्रवारची नमाज आटोपून लोक घरी परतत होते, तेव्हा सुहैर द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या गुंडाळ्यांचा डबा घेऊन वृद्धाश्रमाकडे निघाली. ओळखीचं कुणी दिसलं की ती गल्ली बदलत असे. आईला आश्रमात ठेवलं हे कळलं, की अलेक्झांड्रियात मुलांना तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणून तिने आणि भाऊ मिधतने शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, आई त्याच्याकडे कुवेतला असते.

आश्रमात तिची आई इन्शिराहबाई भरदुपारी गाढ झोपली होती. सुहैरने हाका मारल्या, गाल थोपटले. डोळे उघडेनात.

"उठायची नाही ती," शेजारच्या खाटेवरून हज करून आलेली म्हातारी, हाज्जा बहिय्या, पुटपुटली. "न्याहारीनंतर सगळ्यांना गोड औषध पाजतात. मी गालात धरते नि उशीत थुंकते. हळू बोल, पोरी."

"कशावरचं औषध?"

"त्रास न देण्यावरचं."

तेवढ्यात बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. कुणी म्हातारी भटकू नये म्हणून मदतनीस बाई सवयीने दार लावून गेली होती. सुहैरने दार ठोठावलं, हाक मारली. कुणी आलं नाही.

मग करपलेल्या तेलाचा वास आला, आणि दाराखालून धूर आत शिरू लागला.

खिडकीला गज होते. खोलीत बायका पडलेल्या, बहिय्या सोडून एकही जागी नाही. सुहैरने आईला काखेत धरून उचलायला पाहिलं. ते सैल अंग तिच्या हातून निसटलं. चादर पाण्यात भिजवून तिने दाराच्या फटीत कोंबली आणि दारावर मुठी आपटत राहिली. मागे बहिय्या मरणाच्या वेळी म्हणायचा कलमा पुटपुटत होती.

किती वेळ गेला ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. शेवटी मदतनीस बाईने खोकत दार उघडलं. स्वयंपाकघरातली आग विझली होती.

अंगणात आश्रमाच्या चालक मादाम एतिदाल शांतपणे सगळ्यांना सांगत होत्या, "काही झालं नाही. तेल भडकलं, विझलं. कुणाच्या घरात होत नाही?"

"घराला बाहेरून कडी नसते, मादाम."

मादाम जवळ आल्या, आवाज उतरवून म्हणाल्या, "टॅक्सी मागवलीय. आईला आजच घेऊन जा. तक्रार केलीत तर चौकशीची माणसं तुमच्या इमारतीत येतील. शेजाऱ्यांना काय सांगाल, कुवेतचं विमान आत्ताच उतरलं म्हणून?"

सुहैरने मिधतला फोन लावला. तो म्हणाला, "आईला उचल नि नीघ. आपलं नाव कुठे येऊ देऊ नकोस. लोक काय म्हणतील मला?"

टॅक्सी आली. सुहैरने नि मदतनीस बाईने धरून आईला मागच्या सीटवर ठेवलं. सुहैर आत बसणार, तोच भिंतीला धरत आलेल्या बहिय्याने तिची बाही पकडली.

"तू गेलीस की कडी पुन्हा लागेल गं."

खरं सांगायचं तर सुहैरला निघून जायचं होतं. आईला कुशीत घेऊन घरी पोचावं, एवढंच तिला हवं होतं. पण ती बाही तिला सोडवता येईना.

धूर पाहून समोरच्यांनी बोलावलेल्या अग्निशमन दलाचा अधिकारी फाटकाशी आला. "कुणाची काही तक्रार?"

अंगणात भेटीला आलेले बरेच नातेवाईक होते. कुणी जमिनीकडे पाहिलं, एकीने रुमाल कपाळावर ओढला. समोरच्या सज्जांतून माणसं वाकून बघत होती. धुरातही सुहैरला इतकी भीती वाटली नव्हती.

"माझी आहे," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "लिहा. सुहैर, इन्शिराहची मुलगी. माझी आई गेल्या रमजानपासून इथे आहे, गुंगीत, बाहेरून लावलेल्या कडीआड. तिला मीच इथे ठेवलंय. आतल्या बायका बाहेर आल्याशिवाय मी जाणार नाही."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग बाकीच्यांकडे पाहत विचारलं, "आणखी कुणी?"